शिलाई मशीनच्या किमतीची तलवार

मागच्या रविवारी फोनवर धाकट्याने मला विचारलं, "आजी, जपानी तलवार घ्यायची तर कशी निवडायची? चांगली हवी, पण फार महाग नको." तेवढ्यात मागून तुमची आई ओरडली, "आजीला काय विचारतोस? तिला तलवारीतलं काय कळतं?"

तुमच्या आईचा हा गैरसमज दूर करायला मी हे लिहायला बसले आहे. जपानी तलवारीतलं मला बरंच कळतं. पुसदच्या स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देता देता, अजिबात इच्छा नसताना, मी ते शिकले. आणि ज्यांच्यामुळे शिकले त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. तुम्ही सुट्टीत आमच्या अंगणात खेळायचा तेव्हा लिंबोणीखाली उभे राहून एकाच लिंबाकडे बराच वेळ बघत राहणारे एक उंच, किडकिडीत गृहस्थ असायचे, तेच हे सर. मी ज्या शाळेत इंग्रजी शिकवायचे तिथे ते चित्रकला शिकवायचे आणि आमच्याच मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. एकटेच. सरबतासाठी एक लिंबू हवं असलं तरी ते आधी सगळं झाड बघून घ्यायचे.

बघणं हाच त्यांचा स्वभाव होता. एकदा त्यांना छताचा पंखा घ्यायचा होता. बाजारातल्या दुकानात गेले, एका पंख्याखाली खुर्ची ओढली, "चालू करा" म्हणाले आणि बसले. दुकानदाराने चहा दिला, तो प्यायले. दुपारी दुकानदार जेवून आला तर सर खुर्चीतच घोरत होते. जागे झाल्यावर म्हणाले, "झोप लागली, म्हंजे पंखा चांगला हाये. बांधा." चपला घेताना ते आधी फक्त डावी घरी न्यायचे. ती चावली नाही तर मग उजवी. सगळ्या पुसदमध्ये एकच दुकानदार त्यांना अशी अर्धी चप्पल द्यायचा, आणि तोही बायको दुकानात नसताना.

बस स्थानकावर तर फारच पंचाईत. एकदा शाळेच्या कामासाठी आम्ही दोघं यवतमाळला निघालो होतो. बस आली, मी पाय ठेवला, तर सरांनी मागून माझी पिशवी धरली. "थांबा वहिनी. ह्या डायवरची झोप झाली नाही." पुढची बस आली. "ह्याचं घरी भांडण झालेलं दिसते." शेवटी संध्याकाळ झाली आणि आम्ही दोघं घरी परत आलो. तुमच्या आजोबांनी विचारलं, "कसं झालं काम?" सर म्हणाले, "काम नाही झालं, पण सुखरूप आलो."

त्यांचं एक वाक्य शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. "घ्याच्या आंधी पाहाव, घेतल्यावर मंग पाहू नये." या वाक्याचा पहिला अर्धा भाग ते इतका मन लावून पाळायचे की दुसऱ्या अर्ध्या भागाची वेळच क्वचित यायची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायचे, "पाहून राह्यलो." केस पांढरे झाले तरी पाहूनच राहिले होते.

आता तलवार कुठून आली ते सांगते.

आपल्याकडे लग्नात नवरदेवाच्या हातात तलवार किंवा कट्यार असते हे तुम्ही मामाच्या लग्नात पाहिलं आहे. तिच्या टोकाला लिंबू टोचलेलं असतं, म्हणजे दृष्ट लागत नाही. हल्ली घरात कुणाकडे तलवार नसते, म्हणून मंडपवाला फेट्याबरोबर तीही भाड्याने देतो. सरांच्या पुतण्याचं लग्न नेरला होतं. आम्हीही गेलो होतो. पुतण्या घोड्यावर बसला, बँड सुरू झाला, मित्रांनी आग्रह केला, आणि त्याने जोशात येऊन तलवार हवेत फिरवली. मूठ त्याच्या हातात राहिली. पातं लिंबासकट बँडवरून उडालं आणि मांडवाच्या मागे आचाऱ्याच्या कढीच्या गंजात पडलं.

कुणाला खरचटलंही नाही. वऱ्हाडी पोट धरून हसत होते. सर मात्र गंजापाशी गेले, पळीने पातं बाहेर काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "पाहा वहिनी. पातं इथंच संपलं. मुठीत फक्त पेन्सिलीएवढी सळी चिटकवली. हे तलवार हाये? आपलं खुरपं तरी बरं, त्याचं पातं मुठीत जाते." मग सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मी लग्न करीन तं खऱ्या तलवारीनं करीन."

म्हणजे करणार नाही, असा आम्ही त्याचा अर्थ घेतला.

पण खरी तलवार कोणती, हे ते त्या दिवसापासून शोधायला लागले. मोबाईलवर व्हिडिओ बघता बघता त्यांना जपानी तलवार भेटली आणि ते तिच्या प्रेमातच पडले. चित्रकलेचे शिक्षक असल्यामुळे त्यांचं कारणही चित्रकलेचं होतं. "आपली तलवार वळते, फुगते, मिरवते," ते माझ्या ओट्याशी उभे राहून हवेत बोटाने रेघ काढायचे. "हे पाहा. हात न उचलता काढलेली एकच रेघ. पोट्ट्यांले मी जन्मभर सांगतलं, हात उचलू नका. हे ज्यानं केली त्यानं नाही उचलला."

त्याच सुमारास मला दुसरी एक गोष्ट लक्षात आली. आमच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या एक बाई होत्या. पुसदजवळच्या तांड्यावर त्यांचं माहेर. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन देशभर फिरायचे. बाई स्कूटी चालवायच्या तेव्हा तो सगळा तांडा अजूनही मागून येतो आहे असं वाटायचं, इतक्या त्या पुढे असायच्या. नवरा फार लवकर गेला होता. मुलगी वाढवली, शिकवली, नागपूरला दिली. मधल्या सुट्टीत त्या डबा उघडायच्या आणि सर समोर बसून त्यातलं खायचे. जो माणूस साखरेचा दाणा बोटावर घेऊन बघितल्याशिवाय चहात टाकत नसे, तो त्यांची भाजी न बघता खात होता. त्यावरून मी काय ते ओळखलं.

दोघंही निवृत्त झाल्यावर एक दिवस बाई आमच्या अंगणात आल्या. स्कूटी उभी केली, हेल्मेट काढलं आणि मी पाणी आणायच्या आत बोलून मोकळ्या झाल्या. "सर, माही पोरगी मले नागपूरले राहायले बोलावून राह्यली. जाऊ का राहू?"

सर म्हणाले, "थांबा, पाहू द्या."

"काय पाहता? इतके वर्षं मलेच तं पाहून राह्यले तुम्ही."

"तुमाले नाही वो बाई. तुमाले पाह्यलं. तलवार पाहू द्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभी. "ठीक हाये," त्या म्हणाल्या. "आषाढ लागाच्या आत पाहा. त्याच्या मंग मुहूर्त नाही. मंग मी गेली नागपूरले, आन तुम्ही बसा रेघा काढत."

त्यांच्या आईचीही एक अट होती. ती तांड्यावर राहणारी, वाकलेली पण खणखणीत म्हातारी. बाई तिला याडी म्हणायच्या, त्यांच्या बोलीत आई. तिला बँड नको होता, जेवणावळी नको होत्या. "पण नवरदेवाच्या हाती लोखंड पायजे, आन त्याच्या टोकाले लिंबू टोचलेलं पायजे. बांधलेलं नाही, टोचलेलं." बाईंच्या पहिल्या लग्नात नवरदेवाचं लिंबू वाटेत पडलं होतं. जावई गेला तो त्यामुळेच, असं ती धरून बसली होती. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण तिने ते सांगितलं तेव्हा माझ्याच्याने हसवलं नाही.

आता किमतीचं. सरांनी बाईंना नवीन मोटरचं शिलाई मशीन घ्यायचं कबूल केलं होतं. त्यावरून त्यांनी तलवारीची मर्यादा ठरवली: मशीनपेक्षा महाग नको. "मशीनपेक्षा तलवारच महाग झाली तं वहिनी, त्या संसाराले काय अर्थ?" बजेट ठरवण्याची याहून शहाणी रीत मी अजून ऐकलेली नाही. धाकट्या, तू हे लक्षात ठेव.

तेव्हापासून माझं स्वयंपाकघर शस्त्रागार झालं. सर रोज मोबाईल घेऊन यायचे. "हे पाहा. सोनेरी मूठ, वर ड्रॅगन, म्यानावर ड्रॅगन. सगळा पैसा ड्रॅगनले गेला, पोलादाले काय राह्यलं?" एकदा म्हणाले, "हे चमकते, कधीच गंजत नाही म्हणते. म्हंजे भिंतीवर लटकवाची. इतक्या लांब पात्याले असलं स्टील कडक जाते, तुटते. जे गंजते तेच खरं." मी कढई घासत म्हणाले, "मग माझा तवा खरा." "तुमचा तवा खराच हाये," ते गंभीरपणे म्हणाले.

चांगल्या जपानी तलवारीच्या धारेशेजारी एक नागमोडी धूसर रेघ असते. पात्याला माती लावून तापवून विझवतात, त्यातून ती येते. स्वस्त तलवारीवर ती आम्लाने नाहीतर ब्रशने नुसती काढतात. सर फोटो मोठा करून करून बघायचे आणि चिडायचे. "नक्कल! एकसारखी लाट! नदीले इचारा, दोन लाटा सारख्या राह्यते का?" मूठ बघताना त्यांची एकच कसोटी. पात्याचं शेपूट मुठीत खोलवर जायला पाहिजे आणि बांबूच्या खिळीने पक्कं बसायला पाहिजे. खिळी काढली की पातं बाहेर, म्हणजे विकणाऱ्याने काही लपवलेलं नाही. मुठीवरची दोरी घट्ट हवी, बोटाने सरकायला नको. म्यान उलटं धरलं तर तलवार आपोआप घसरून खाली पडायला नको.

"सर," तुमचे आजोबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही तलवार पाहून राह्यले का जावई?"

"जावई पाहाले सोपं हाये वो. त्याले खिळी नसते."

ज्येष्ठ अर्धा झाला. बाई दर दोन दिवसांनी फोन करायच्या, माझ्या फोनवर. "पाह्यली का?" "पाहत आहेत." "मी बॅग भरून ठेवली, सांगा त्यांले." मी ते सांगायचे. सर मान हलवायचे आणि पुढचा व्हिडिओ लावायचे.

मी त्यांना एकच सल्ला दिला, शिक्षिकेचा. इतकं लांब धारदार पातं घरात ठेवायला परवानगी लागू शकते, आधी पोलिसांना विचारा. सर लगेच उठले आणि ठाण्यात गेले. मलाही सोबत नेलं. तिथले हवालदार त्यांचेच जुने विद्यार्थी निघाले. त्यांनी सरांना खुर्ची दिली.

"बोला सर."

"मले तलवार घ्याची हाये."

हवालदार उभेच राहिले. "कोणाले मारता?"

"कोणाले नाही. लग्न हाये."

"कोणाचं?"

"माझं."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेव्हा हवालदार परत खुर्चीत बसले. "सर, तुमचा मान हाये. पण धारवाली नका घेऊ. बोथट घ्या, टोकही गोल पायजे. आली का मले बोलवा, मी सोता पाहीन."

तशी तलवार मिळते. सराव करणाऱ्यांसाठी बिनधारेची करतात. पोलाद खरं, मूठ खरी, खिळी बांबूची, टोक बोथट. ड्रॅगन नव्हता, म्हणून किंमतही शिलाई मशीनपेक्षा थोडी कमीच होती. सरांनी पैसे भरले. "घेतली," ते म्हणाले आणि खुर्चीत बसून पाणी मागितलं.

तलवार आली. सरांनी खिळी काढली, पातं बाहेर काढलं, शेपूट मोजलं, परत बसवलं. म्यान उलटं धरलं. पडली नाही. माझ्याकडे बघून ते इतके हसले की मला त्यांचे मागचे दात प्रथमच दिसले. हवालदारांना बोलावलं. मी सरबत करायला घेतलं होतं. हवालदारांनी पाटीतलं एक लिंबू उचललं, टोकावर धरून दाबलं. लिंबू आत जाईना. जोर लावला, तरी जाईना. "काही होत नाही हिनं," हवालदार खूश झाले. "हे तलवार नाही सर, पट्टी हाये. खुशाल ठेवा."

आम्ही सगळेच खूश झालो. सर, मी, तुमचे आजोबा, हवालदार. आम्ही चारही शहाण्या माणसांनी ते लिंबू आत जात नाही हे डोळ्यांनी पाहिलं आणि वर सरबत प्यायलो.

लग्नाच्या दिवशी सकाळी सर फेटा बांधून तयार झाले. तांड्यावर दुपारचा मुहूर्त होता आणि हंगामातला तो शेवटचा होता. रिक्षा दारात उभी. मी ताटात कुंकू घेतलं, लिंबू घेतलं आणि सरांनी तलवार पुढे केली.

मी टोकावर लिंबू दाबलं, आणि त्या दिवशीसारखंच ते आत जाईना.

मी म्हणाले, दोऱ्याने बांधू. सर म्हणाले, "याडीले कबूल केलं, टोचलेलं." तुमच्या आजोबांनी चाकू आणून लिंबाला चीर पाडली आणि पात्यावर बसवलं. रस गळला, चीर फाटली आणि लिंबू सरांच्या पायाशी पडलं. ते पाहून सर पांढरेफटक झाले. तलवार हातात घेऊन ते लिंबोणीखाली गेले आणि एकेक लिंबू बघायला लागले. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. सर बघतच राहिले.

मी जवळ जाऊन म्हटलं, "सर, वेळ होतोय. कोणतंही घ्या."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, वाटेत पडलं तं?"

तेव्हा मला कळलं की आज ते लिंबू बघत नव्हते. इतकी वर्षं सगळं बघून बघून घेणाऱ्या माणसाला पहिल्यांदा असं काही घ्यायचं होतं, जे आधी बघून कळत नाही.

मुहूर्त जवळ आला तसा माझा फोन वाजला. बाई. मी म्हटलं, सर अजून लिंबोणीखालीच उभे आहेत. पलीकडून फक्त "हूं" आलं आणि फोन बंद झाला. मला वाटलं, गेल्या नागपूरला.

थोड्या वेळाने फाटकातून स्कूटी आत आली. हळदीची साडी, कपाळावर मुंडावळ्या, त्यांच्यावर हेल्मेट. बाईंनी हेल्मेट काढलं, मुंडावळ्या सरळ केल्या. "काहून वो सर? याडी तिकडं रस्ता पाहून राह्यली, आन तुम्ही इकडं झाड पाहून राह्यले?"

सरांनी नुसती तलवार पुढे केली. मीच सगळं सांगितलं.

"एवढंच?" त्यांनी स्कूटीच्या डिकीतून शिवणाचा डबा काढला. तलवारीचं पातं दोन बोटांत धरून माप घेतलं. पहिलं हाताला लागलं ते लिंबू तोडलं, बघितलंसुद्धा नाही. "सालीले काय होते? लिंबाची साल म्हंजे रेक्झिनच." डब्यातल्या बारीक कात्रीने त्यांनी दोन्ही बाजूंना पात्याच्या रुंदीएवढी चीर दिली, हिरवा दोरा ओवला आणि चिरेच्या कडेने टाके घातले. शर्टाच्या काजाला घालतात तसे, जवळजवळ, घट्ट. मग टोक आत घातलं आणि हळूच दाबलं. बोथट पातं काजातून बटण जावं तसं लिंबातून आरपार गेलं. तलवार उलटी करून त्यांनी जोरात हलवली. लिंबू जागचं हललं नाही.

सर ते काज डोळ्यांजवळ धरून बघायला लागले.

"आता नका पाहू," बाई म्हणाल्या. "घेतल्यावर पाहू नये, तुम्हीच सांगता ना? बसा मांगं."

नवरदेव नवरीच्या स्कूटीवर मागे बसले, तलवार खांद्याशी उभी धरून. मागे रिक्षात आम्ही दोघं, हीच वरात. चौकात हवालदार उभे होते. त्यांनी नवरी पाहिली, सर पाहिले, लिंबू पाहिलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "सर! त्या दिवशी तं जात नव्हतं!"

"काज केलं!" बाई वेग कमी न करता ओरडल्या.

हवालदारांनी शिटी वाजवली आणि समोरून येणारी एसटी हात करून थांबवली. प्रवासी खिडक्यांतून डोकावून टाळ्या वाजवायला लागले. ज्या माणसाने जन्मभर एसट्या सोडल्या त्याच्यासाठी एक एसटी थांबली, आणि सरांनी तिच्या ड्रायव्हरकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मागून बघत होते. त्यांची नजर फक्त लिंबावर होती.

तांड्यावर याडी मांडवाच्या तोंडाशी उभी होती. ती पुढे आली, लिंबू मुठीत धरलं आणि ओढलं. सुटेना. दोन्ही हातांनी ओढलं. सरच पुढे झुकले, लिंबू मात्र तिथेच. मग तिने आपल्या लेकीकडे पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि बाजूला होऊन दोघांना आत जायला वाट दिली.

तर धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. पातं मुठीत खोलवर गेलेलं घे. गंजणारं पोलाद घे, सोनेरी नक्षी घेऊ नकोस. धार असलेली मुळीच नको, आणि तुमच्या गावचा कायदा काय म्हणतो ते आधी विचार. घराला ज्या वस्तूची खरी गरज आहे, तिच्यापेक्षा महाग घेऊ नकोस. पात्याला बोटं लावू नकोस, अधूनमधून तेलाचा हात फिरव.

सर आणि बाई अजून आमच्या मागच्याच खोल्यांत आहेत आणि एकमेकांना अजून सर आणि बाईच म्हणतात. तलवार शिलाई मशीनच्या वर भिंतीवर असते. दोन्हींना एकाच बाटलीतलं मशीनचं तेल लागतं. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या सकाळी सर लिंबोणीखाली जाऊन लिंबू बघत उभे राहतात. आतून मशीनचा आवाज थांबतो आणि बाई म्हणतात, "आना कोणतंही. काज मी करतो."